शाळेतल्या पुस्तकावर आक्षेप आला, तर या चुका टाळा

परिपाठ नुकताच संपलेला असतो. एक आई हातात ग्रंथालयाचं पुस्तक घेऊन ऑफिसात येतात आणि एका पानावर बोट ठेवतात : "हे असलं तुम्ही सहावीच्या पोरांना वाचायला देता?" प्रकरण कुठवर जाणार, हे शाळा पुढची दहा मिनिटं कशी वागते त्यावर बरंचसं ठरतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पुस्तक तिथल्या तिथे कपाटातून काढून टाकणं. ग्रंथालय माझ्याकडे नवं नवं आलं तेव्हा मीही तेच केलं होतं. पुढच्याच महिन्यात दुसरे पालक दुसरं पुस्तक घेऊन आले. "तेव्हा काढलंत, मग आता का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर राहू द्या. आपल्या मुलाला ते देऊ नका, असं पालक म्हणत असतील तर त्याच्या कार्डावर तशी नोंद करा. तेवढं सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. बाकीच्या मुलांनी काय वाचावं हे मात्र त्या एकट्यांनी ठरवायचं नाही.

"अख्खं पुस्तक वाचलंत का?" असं विचारून पालकांना गप्प करणं हीही तितकीच मोठी चूक. त्यांना बसवा, पाणी द्या, मुलाने घरी नेमकं काय विचारलं ते ऐका. मग तक्रार लेखी घ्या : कोणतं पान, आक्षेप काय, शाळेने काय करावं असं वाटतं. लिहिता येत नसेल तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, वाचून दाखवा, आवक नोंदवहीत चढवा आणि पोहोच द्या. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल तेही त्यावर लिहा.

घाईने काय होतं ते 2012 साली आपण पाहिलं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं, संविधान तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवरचं 1949 सालचं व्यंगचित्र होतं. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे हातात चाबूक घेतलेले नेहरू. हे चित्र पाहून दलित विद्यार्थ्याला काय वाटेल, हा प्रश्न रास्तच होता आणि तो शांतपणे ऐकायला हवा होता. पण मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला आणि चित्र काढण्याची घोषणा आधी झाली. पुस्तकं तपासायला नेमलेल्या सुखदेव थोरात यांच्या समितीचा अहवाल नंतर आला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोडही झाली. आक्षेप घेणाऱ्यांचं दुःख आणि पुस्तक करणाऱ्यांचा हेतू एका टेबलावर आलेच नाहीत. त्या उलट्या क्रमाचं मला आजही वाईट वाटतं.

पाठ्यपुस्तक आणि ग्रंथालयाचं पुस्तक यांची गल्लत करू नका. बालभारतीच्या पुस्तकातला धडा गाळणं शाळेच्या हातात नाही. पालकांचं पत्र पाठ्यपुस्तक मंडळाकडे पाठवा आणि पाठवल्याची प्रत त्यांना द्या.

ग्रंथालयाच्या पुस्तकासाठी छोटा गट जूनमध्येच नेमून ठेवा. वाद पेटल्यावर नेमलेली समिती कुणालाच आपली वाटत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश पालक असतात, त्यातले एक-दोन घ्या. सोबत भाषेचे शिक्षक, ग्रंथपाल आणि शक्य असल्यास शाळेबाहेरची एक जाणती व्यक्ती. सगळ्यांनी पुस्तक पूर्ण वाचायचं, मगच बोलायचं. मोबाईलवर फिरणाऱ्या एका पानाच्या फोटोवरून ठरवायचं नाही.

कधी कधी आक्षेप खरा निघतो. जुन्या गोष्टीत जातीचं नाव शिवीसारखं वापरलेलं असतं आणि गोष्टीत कुणालाच त्याचं काही वाटत नाही. असं पुस्तक चौथीच्या पेटीत ठेवू नये. ते नववी-दहावीच्या कपाटात हलवता येईल, शिक्षकांसोबत वाचता येईल. अगदीच टाकाऊ असेल तर कारण लिहून निर्लेखित करता येईल, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून कमी करता येईल.

या सगळ्यात शिक्षकाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागायला लावू नका. गटाचा निर्णय मुख्याध्यापकांच्या सहीने, कारणांसह, लेखी जाऊ द्या. आणि ते पत्र पालकांना बोलावून त्यांच्या हातात द्या, मुलाच्या दप्तरातून पाठवू नका.