पावसात पडलेल्या फणसाचा कातीव वाडगा: घरच्या लेथवर करण्याची रीत

जून-जुलैच्या वाऱ्यात गोव्यात दर वर्षी फणस आणि आंबे उन्मळून पडतात, आणि त्यांचे बरेचसे लाकूड जळणाला जाते. फोंडा, डिचोली, सत्तरी भागात ज्यांच्या घरी लहानसा लेथ (लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र) आहे किंवा घेण्याचा विचार आहे, त्यांनी असा एक ओंडका मागून आणावा, कारण वाडगा कातण्यासाठी वखारीतील सुक्या फळीपेक्षा ताजे ओले लाकूड पुष्कळ सोयीचे असते. ते हत्याराला मऊ लागते, धूळ उडत नाही, आणि जाड तुकडा मिळतो. अडचण एकच आहे: ओले लाकूड सुकताना आकसते आणि आकसताना तडकते. म्हणून या लेखात सांगितलेली रीत दोन वेळा कातण्याची आहे. पावसाळ्यात जाडसर आकार काढायचा, मधले महिने तो सुकू द्यायचा आणि थंडीत त्याचे पक्के काम करायचे. मी पहिला वाडगा आंब्याच्या ओल्या लाकडाचा एकाच दिवशी जाड भिंतीसह पूर्ण केला आणि पंख्याखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी काठापासून बुडापर्यंत चीर गेली होती. घाई हेच त्याचे कारण होते.

लाकूड

नवशिक्यासाठी मी फणस सुचवतो. त्याचा पिवळा रंग उजेडात राहून हळूहळू सोनेरी-तपकिरी होत जातो, आणि मृदंगाच्या खोडासाठी हे लाकूड वापरतात यावरूनच त्याचा टिकाऊपणा कळावा. आंबा स्वस्त व सहज मिळणारा आहे. त्यात कधी कधी बुरशीमुळे काळ्या रेषांची सुंदर नक्षी उमटते, मात्र त्याला किडा लवकर लागतो. शिवण हलकी आणि कातायला सोपी आहे. माडाच्या खोडातील कठीण तंतू हत्याराची धार झपाट्याने घालवतात, म्हणून माड सुरुवातीला नको. बिब्बा आणि त्याच्या जातीची रानझाडे तर अजिबात हाताळू नयेत, कारण त्यांच्या रसाने अंगावर फोड येतात. उभे झाड तोडायचे असेल, तर वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

२०० मिमी व्यासाच्या वाडग्यासाठी ओंडका किमान २५० मिमी जाडीचा असावा. त्याची लांबीही व्यासापेक्षा थोडी अधिक ठेवावी, कारण तडे टोकांकडून सुरू होतात आणि टोकाचा भाग बहुधा टाकून द्यावा लागतो. ओंडका उभा चिरून दोन अर्धे करावेत आणि मधला गाभा दोन्ही अर्ध्यांतून २०-२५ मिमी काढून टाकावा. गाभा वाडग्यात राहिला की चीर जवळजवळ ठरलेली असते. चिरण्याचे काम चेन सॉ चालवणाऱ्याकडून किंवा सॉ मिलमध्ये करून घेणे बरे. लाकूड लगेच लेथवर चढवायचे नसेल, तर कापलेल्या टोकांना वितळवलेले मेण किंवा जुना तेलरंग जाड थराने लावून ठेवावा.

लेथ आणि हत्यारे

ज्यावर ३०० मिमी व्यासापर्यंत काम फिरते आणि ज्याचा वेग कमी-जास्त करता येतो असा मेजावरचा लेथ पुरेसा आहे. त्याला अर्थिंग नीट असावे, आणि काम झाल्यावर लोखंडी बेडवर (लेथच्या आडव्या बैठकीवर) मशीनच्या तेलाचा हात फिरवावा, कारण आपल्याकडील दमट, खारट हवेत एका रात्रीत गंज धरतो. हत्यारांत खोल पन्हळीचा बाऊल गाऊज (वाडगा कातण्याची पन्हळीची पटाशी), एक गोल टोकाचा स्क्रेपर (खरवडण्याचे हत्यार) आणि पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करण्याचे पातळ हत्यार) एवढी तीन आधी घ्यावीत. खांब आणि दांडे कातण्यासाठी जो रुंद, पातळ शेपटीचा (मुठीत बसणाऱ्या टोकाचा) रफिंग गाऊज मिळतो, तो वाडग्यावर कधीही वापरू नये. आडव्या धाग्यात अडकला तर त्याची शेपटी मोडून तुकडा अंगावर येतो. संपूर्ण चेहरा झाकणारे पारदर्शक कवच आणि धुळीचा मास्क यांच्याशिवाय यंत्र सुरू करू नये. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील माळ आणि हातातील कडे आधी काढून ठेवावे.

पहिली कातणी

अर्ध्या ओंडक्याच्या सपाट बाजूवर कंपासने वर्तुळ आखून बँड सॉने, किंवा कोपरे हाताने छाटून, तो शक्य तितका गोल करावा. सपाट बाजूच्या मध्यावर फेसप्लेट (लेथच्या फिरत्या टोकावर चढणारी धातूची चकती) किमान चार जाड स्क्रूंनी बसवावी. ही बाजू पुढे वाडग्याचे तोंड होणार असल्याने स्क्रूची भोके आतून कोरताना निघून जातात. टेलस्टॉकचा (समोरच्या बाजूने काम दाबून धरणाऱ्या भागाचा) आधार द्यावा, टूल रेस्ट (हत्यार टेकवण्याची पट्टी) कामापासून बोटभर अंतरावर ठेवावा आणि हाताने एक फेरा फिरवून काही अडत नाही ना हे पाहावे.

वेगासाठी कातारी मंडळी सोपा हिशोब करतात. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. म्हणजे २०० मिमी, सुमारे ८ इंच, व्यासाला ७५० ते ११०० फेरे. पण ओबडधोबड तुकडा असमतोल असतो, तेव्हा ४०० च्या आसपास सुरू करावे आणि लेथ थरथरायचा थांबल्यावरच वेग वाढवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाडग्याच्या बाहेरच्या बाजूला हत्यार बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे न्यावे. आतल्या बाजूला याच्या उलट, काठाकडून मध्याकडे. असे केल्याने कापला जाणारा प्रत्येक धागा त्याच्या मागच्या लांब धाग्यावर टेकलेला राहतो आणि स्वच्छ कापला जातो. उलट दिशेने गेल्यास धागे उपटले जातात, पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि कितीही पॉलिश पेपर घासला तरी ते व्रण पूर्ण जात नाहीत. गाऊजचा दांडा कमरेला टेकवावा, धारेमागचा उतार आधी लाकडाला टेकवावा आणि मग दांडा हळूहळू उचलत धार लागू द्यावी. हात स्थिर ठेवून शरीर हलवायचे असते. फणसाचा चीक धारेवर साचतो; तो केरोसीनच्या फडक्याने पुसून धार पुन्हा लावावी. धार बोथट झाली की माणूस जोर लावतो आणि तिथेच हत्यार अडकते.

बाहेरचा आकार आल्यावर बुडाला ६० मिमी व्यासाचा, ८ मिमी उंचीचा गोल उंचवटा ठेवावा. मग काम उलटवून हा उंचवटा चकच्या (लेथवरील पकडीच्या) जबड्यात धरावा आणि आतून कोरावे. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे २० मिमी, सर्वत्र सारखी ठेवावी. बूड जाड आणि काठ पातळ राहिला, तर सुकण्याचा वेग दोन्हीकडे वेगळा पडतो आणि मधे ताण येतो.

सुकवणे

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वाडग्याचे भवितव्य इथे ठरते. काठ आणि जिथे धागे आडवे कापले गेले आहेत तो भाग मेणाने झाकावा, वाडगा साध्या कागदी पिशवीत घालून वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवावा. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, त्यात बुरशी येते. पावसाळ्यात कागदही ओलसर होतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी पिशवी बदलावी आणि बुरशी दिसल्यास कोरड्या फडक्याने पुसावी. आंब्याच्या लाकडाला किड्यापासून वाचवण्यासाठी मेण लावण्यापूर्वी बोरॅक्स आणि बोरिक पावडर मिसळलेल्या पाण्यात बुडवून घ्यावे. वाडग्यावर तारीख आणि वजन लिहून दर आठवड्याला वजनाची नोंद ठेवावी. सलग तीन-चार आठवडे वजन बदलले नाही की लाकूड सुकले असे समजावे. श्रावणातील वाडगा आमच्याकडे साधारणतः डिसेंबरपर्यंत तयार होतो. तो किंचित लंबगोल झालेला असतो आणि जाड भिंत ठेवण्याचे कारण हेच.

दुसरी कातणी आणि लाख

वाडग्याचे तोंड फेसप्लेटवरील लाकडी चकतीवर टेकवून टेलस्टॉकने दाबून धरावे आणि बुडाचा उंचवटा पुन्हा गोल करावा. मग चकमध्ये धरून आधी बाहेर, नंतर आत असे काम पूर्ण करावे. भिंत ६ ते ८ मिमी पुरते. काठ आधी संपवावा आणि मग खाली उतरावे, कारण पातळ काठ नंतर थरथरतो. घासताना टूल रेस्ट काढून ठेवावा, वेग कमी करावा आणि १२० क्रमांकाच्या पेपरपासून १८०, २४०, ३२० असे पायरी न गाळता ४०० पर्यंत जावे. बोटाला कापड गुंडाळून फिरत्या कामाला लावू नये, ते अडकून बोट ओढले जाते.

शोभेसाठी बाहेरून रंगीत लाखेच्या पट्ट्या द्याव्यात असे मी आग्रहाने सांगेन, कारण कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांनी हीच कला गोव्यात जपली आहे. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चिकटते, आणि केवड्याच्या सुक्या पानाने दाबून ती सारखी पसरवली की चकाकी येते. लाकूड थोडेही ओले असेल तर लाख सुटते. आतल्या बाजूला पातळ लाखेचे पॉलिश किंवा उकळलेले जवसाचे तेल लावावे. खोबरेल तेल वापरू नये, ते वाळत नाही आणि खवट वास येतो. पॉलिश पावसाळी दिवशी लावल्यास पांढरट डाग पडतात. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. शेवटी बुडाचा उंचवटा पार्टिंग टूलने कापून, उरलेला टोकाचा भाग पटाशीने साफ करून, बूड मधोमध किंचित खोलगट ठेवावे, म्हणजे वाडगा मेजावर न डगमगता बसतो.