मुलांना ग्रह शिकवताना या चुका टाळा: आधी आकाश, मग तक्ता

दुसरी-तिसरीतल्या बहुतेक मुलांना आठ ग्रहांची नावं एका दमात म्हणता येतात. त्याच मुलांना संध्याकाळी गच्चीवर नेऊन पश्चिमेचा ठळक ठिपका दाखवला आणि "हा कोण?" असं विचारलं, की उत्तर येतं, "विमान!" यात मुलांचा काही दोष नाही. त्यांना तक्ता दाखवलेला असतो, ग्रह दाखवलेला नसतो. मुलांना आकाश दाखवायला नेणाऱ्या कुणालाही हा अनुभव येतो. पुढच्या चुकाही याच उलट्या क्रमातून होतात, आणि त्या घरच्या घरी सुधारता येतात.

तक्त्यापासून सुरुवात करणं

बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून पहिली भेट पुस्तकात होण्याचं कारणच नाही. शुक्र किंवा गुरू यांपैकी जो त्या दिवसांत दिसत असेल, त्याच्यापासून सुरुवात करा. दोन्ही इतके तेजस्वी आहेत की शहरातल्या दिव्यांच्या उजेडातही लपत नाहीत. तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश बराचसा स्थिर असतो, ही खूण सहा वर्षांच्या मुलालाही लगेच पटते. मात्र क्षितिजालगतचा ग्रहही हवेमुळे थरथरतो, तेव्हा तो जरा वर आलेला असताना दाखवा.

मूल रात्री बारा वाजता "शुक्र दाखव" म्हणालं, तर शोधत बसू नका. आपल्याकडून शुक्र मध्यरात्री कधीच दिसत नाही. तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा जास्त दूर जात नाही, त्यामुळे एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला असतो, नाहीतर पहाटे पूर्वेला. आजी ज्याला शुक्राची चांदणी म्हणते, तो हाच.

चित्रातली मापं खरी मानणं

सगळ्यात खोलवर रुजणारी चूक ही आहे. तक्त्यावर आठही ग्रह हाताच्या अंतरावर, एका ओळीत, जवळपास सारख्या आकाराचे छापलेले असतात. छापणाऱ्याचाही इलाज नसतो, खरी मापं कुठल्याच कागदावर मावत नाहीत. पण मुलाच्या डोक्यात तेच चित्र बसतं आणि मोठेपणीही जात नाही.

यावर मैदान हा उत्तम उपाय. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर, असं प्रमाण धरा. सूर्य होतो १४ सेंटीमीटरचा, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळापेक्षा जरासा थोराड चेंडू. बुधासाठी रव्याचा एक कण घ्या आणि चेंडूपासून सहा मीटरवर ठेवा. शुक्राला मोहरीचा दाणा, ११ मीटरवर. पृथ्वीला दुसरी मोहरी, १५ मीटरवर. मंगळाला पुन्हा रव्याचा कण, २३ मीटरवर. इथवर मुलं धावत येतात. मग गुरूसाठी खेळायची गोटी घेऊन थेट ७८ मीटरवर जावं लागतं, तेव्हा कुरकुर सुरू होते. शनीचा काबुली चणा १४३ मीटरवर. युरेनस आणि नेपच्यूनसाठी मिरीचे दोन दाणे लागतात, पण एक जवळपास २९० मीटरवर आणि दुसरा ४५० मीटरवर. त्यासाठी मैदान सोडून रस्त्यावर यावं लागतं.

दाणे कागदाच्या तुकड्यांवर चिकटवून न्या, नाहीतर वाऱ्याने पृथ्वी हरवते आणि शोधून सापडत नाही. चंद्राची रिकामी जागाही दाखवा: मोहरीपासून जेमतेम चार सेंटीमीटर. माणूस आजवर तेवढाच दूर गेला आहे. घरी परतताना मूल "मग दुसरा तारा कुठे?" असं विचारतंच. याच प्रमाणात सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो, काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनही लांब.

रंगावरून आणि अंतरावरून तापमान ठरवणं

मंगळ लाल म्हणून तापलेला, असं मुलं हमखास धरून चालतात. ती लाली गंजाची, म्हणजे मातीतल्या लोहाच्या संयुगांची. मंगळाचं सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ६० अंश आहे. तसंच, बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ म्हणून सगळ्यात गरम, हेही चूक. शुक्राभोवती कार्बन डायऑक्साइडचं जाड आवरण असल्यामुळे तिथे दिवसरात्र ४६० अंशांच्या वर तापमान असतं. बुधावर उष्णता धरून ठेवणारी हवाच नाही, म्हणून त्याची रात्र उणे १८० अंशांपर्यंत गार होते.

पुस्तकातल्या लांबट कक्षा पाहून पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याजवळ जाते, असंही मुलांना वाटतं. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, १४.७ कोटी किलोमीटरवर. म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीत! ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे.

साडेसातीची भीती घालणं, किंवा आजीची थट्टा करणं

मराठी घरात मुलाच्या कानावर शनी पहिल्यांदा पडतो तो बहुधा साडेसातीतून. मग काही घरांत त्याची भीती बसते, तर काही घरांत आईबाबा "सगळं खोटं" म्हणून विषय मिटवून टाकतात. दोन्हींत मुलाचं नुकसान आहे, कारण त्या शब्दात एक सुंदर गणित आहे. शनी साडेएकोणतीस वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. जन्मराशीच्या आधीची, जन्माची आणि नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात. हा हिशेब लोकांनी दुर्बीण नसताना पिढ्यान् पिढ्या आकाश बघून मांडला. शनी अमुक राशीत आहे, हे गच्चीवर जाऊन तपासता येतं. तो आपलं वाईट करतो, याला मात्र कसलाही पुरावा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या की मुलाला नीट समजतात आणि आजीचाही मान राहतो.

गुरूचंही तसंच. तो जवळपास बारा वर्षांत फेरी पूर्ण करतो, म्हणून दरवर्षी साधारण एक रास पुढे सरकतो. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ. २०१५ नंतरचा २०२६-२७ मध्ये येतो, तो याच हिशेबाने.

नवग्रहांच्या यादीत सूर्य, चंद्र, राहू आणि केतू का, आणि पृथ्वी का नाही, हेही मुलं विचारतात. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे सरकतं तो ग्रह, अशी जुनी समज होती. सूर्य-चंद्र सरकताना दिसतात, म्हणून ते यादीत. पृथ्वीवर आपण उभे, म्हणून ती यादीत नाही. आणि राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. ग्रहणं त्यांच्याजवळच होतात.

"प्लूटोला हाकलून दिलं"

पालक स्वतः नऊ ग्रह शिकलेले असतात, त्यामुळे हे वाक्य हळहळून सांगितलं जातं आणि मुलांना वाईट वाटतं. तेवढ्यावर थांबू नका, कारण सांगा. प्लूटोच्या प्रदेशात तसेच आणखी गोल सापडू लागले. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तर जवळपास प्लूटोएवढाच निघाला. सगळ्यांना ग्रह म्हणायचं, की व्याख्या नीट करायची? २००६ मध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने व्याख्या केली आणि प्लूटो बटुग्रह ठरला. हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस कित्येक वर्षं ग्रह म्हणूनच मोजला जात होता. आणि प्लूटो हे नाव १९३० मध्ये व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं होतं, हे आवर्जून सांगा.

मोबाइल, दुर्बीण आणि ढग

मोबाइलवरचं आकाशदर्शनाचं अॅप ग्रह भलत्याच दिशेला दाखवत असेल, तर बहुतेक वेळा दोष मोबाइलच्या होकायंत्राचा असतो. चुंबक असलेलं कव्हर काढा, लोखंडी कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यापासून लांब या, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीनदा फिरवा. स्क्रीन लाल किंवा अगदी मंद ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत स्क्रीनने ती वाया जातात.

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. खोक्यावर "४५० पट" लिहिलेली, डगमगत्या तिकाटण्यावरची स्वस्त दुर्बीण मुलाचा हिरमोड करते. ६० मिलीमीटर भिंगातून १२० पटींच्या पुढे नुसता धुरकट गोळा दिसतो. घरात अशी दुर्बीण असलीच, तर कमी पटीची, म्हणजे जास्त मिलीमीटरची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) आधी लावा. मोठीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवून घ्या, सूर्याच्या दिशेला पाठ करून. दुर्बीण असो वा द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची बायनॉक्युलर), सूर्याकडे चुकूनही रोखू द्यायची नाही, क्षणात डोळा जातो. मोठ्या माणसाशिवाय मुलाच्या हातात ती दिवसा देऊच नका.

शनीची कडी पुस्तकातल्यासारखी दिसली नाहीत, तर दुर्बीण बिघडली असं समजू नका. दर पंधरा वर्षांनी ही कडी आपल्याला कडेने दिसतात आणि रेघेसारखी बारीक होतात. मार्च २०२५ मध्ये तसंच झालं. पुढची काही वर्षं ती पुन्हा उघडत जातील.

बेत दिवाळीनंतरच्या महिन्यांतला ठेवा. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत आकाशाचा भरवसा नसतो. मुंबईत खगोल मंडळ आणि पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था या जुन्या संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात. घरी काही घेण्याआधी तिथल्या दुर्बिणीतून एकदा बघून या. आणि "२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा निरोप मुलाला दाखवू नका. २००३ मध्ये मंगळ खरोखर बराच जवळ आला होता, तेव्हापासून हा निरोप फिरतोय. मंगळ नुसत्या डोळ्यांना ठिपक्याहून मोठा कधीच दिसत नाही.

मुलाचं निरीक्षण पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करणं

दहा बाय पन्नासची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलीमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री गुरूचे चार मोठे चंद्र दाखवते: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. कोपरं कठड्यावर घट्ट टेकवायला सांगा, हात हलला की चंद्र नाहीसे होतात. वहीत मधोमध एक गोल काढून त्या रात्री जिथे ठिपके दिसले तिथे काढायचे, बाजूला तारीख आणि वेळ लिहायची. लागोपाठ चार रात्री. चंद्र जागा बदलतात, हे मूल स्वतः शोधून काढतं. एखाद्या रात्री त्याने तीनच ठिपके काढले, तर "अरे, चार असतात" म्हणून चौथा काढायला लावू नका. एखादा चंद्र गुरूच्या मागे किंवा त्याच्या समोर असू शकतो. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओलाही तीनच दिसले होते. चौथा त्याने १३ जानेवारीला पाहिला.