घरात नवीन मांजर आलंय आणि पोट बिघडलंय? औषधाआधी वाटी बघा

गेल्या पावसाळ्यात खानापूर स्टँडजवळ एका टपरीच्या फळीखाली भिजून बसलेलं दोनेक महिन्यांचं पिल्लू मी बेळगावात शहापूरला घरी आणलं. बोका आहे, नाव बबड्या. पहिल्या रात्री आत्याबाई म्हणाल्या, "दूध घाल की गं त्याला, केवढुसं पोट ते, उपाशी ठेवतीस काय," म्हणून मी वाटीभर म्हशीचं दूध ठेवलं, त्यानं चाटूनपुसून संपवलं आणि पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. घाबरून दुसऱ्या दिवशी दहीभात, तिसऱ्या दिवशी दुकानातलं सुटं कॅटफूड, चौथ्या दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून उकडलेलं अंडं. चार दिवसांत चार प्रकार, म्हणजे पोटाला सावरायला मी वेळच दिला नाही. पाचव्या दिवशी पिल्लू मान टाकून बसलं तेव्हा डॉक्टरांकडं पळाले, सलाईन लागलं, वाचलं. तेव्हापासून गल्लीत, पाहुण्यांत कुणी मांजर आणलं की मी हेच सांगत बसते, आता एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी हे समजून घ्या की नवीन घरात आल्यावर पहिले काही दिवस शी थोडी पातळ होणं बऱ्याच मांजरांना होतं. जागा नवी, वास नवे, माणसं नवी, त्या ताणानंच आतडं बिघडतं, त्यात खाणंपण बदललेलं. मांजर खेळतंय, खातंय, पाणी पितंय आणि फक्त शी मऊ आहे, तर एकदोन दिवस शांतपणे बघायला हरकत नाही. पण हे मोठ्या मांजराचं झालं. तीनचार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जुलाब आणि उलटी दोन्ही लागली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, कारण एवढ्याशा जिवातलं पाणी तासातासानं कमी होत जातं. पाणी कमी झालंय का ते घरी बघता येतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर शरीर सुकत चाललंय. हिरड्यांवरही बोट फिरवून बघा, ओलसर गुलाबी असायला पाहिजेत, चिकट किंवा पांढऱ्या लागल्या तर निघाच.

आता वाटीकडं या. ज्यांच्याकडून मांजर आणताय त्यांना पहिला प्रश्न हा विचारायचा की हे आजवर काय खात होतं, आणि शक्य असेल तर तेच दोन मुठी बरोबर मागून घ्यायचं. ते जे खात होतं ते तुमच्या मनासारखं नसलं, अगदी भाकरीचा कुस्करा आणि माशाचं पाणी असलं, तरी पहिले दोनतीन दिवस तेच ठेवा (दूध सोडून), आणि मग हळूहळू बदला. बदलायची रीत अशी, पहिले दोन दिवस नवीन खाणं पाव हिस्सा आणि जुनं पाऊण, पुढचे दोन दिवस निम्मं निम्मं, मग नवीन पाऊण, आणि आठवड्यानंतर पूर्ण नवीन. मधेच शी पातळ झाली तर एक पायरी मागं जायचं आणि तिथंच दोनतीन दिवस थांबायचं. दहा दिवस लागले तरी लागू द्या. एका वेळी एकच बदल, म्हणजे बिघडलं तर कशानं बिघडलं ते तरी कळतं. बबड्याच्या वेळी मला हेच सांगता येईना, डॉक्टरांनी विचारलं काय घातलं आणि मी चार नावं सांगितली.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं जुनं खाणं कुणाला माहीत असणार? तिथं दोनच सोपे मार्ग आहेत. एक तर पिल्लांसाठीचं चांगलं पाकिटबंद खाणं घ्या, त्यावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं असतं ते बघून, आणि कोरडं असेल तर कोमट पाण्यात भिजवून द्या. दुसरा मार्ग, पोट बिघडलेलं असेल तर उकडलेलं चिकन, हाडं काढून, कातडी काढून, बारीक तंतू करून. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. आपल्याकडं चिकन शिजवायला टाकलं की हात आपोआप आलं-लसणाकडं जातो, पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तांबड्या रश्श्याचा एक डावही मांजराला नको. घरच्यांसाठी शिजवायच्या आधी मांजराचा वाटा वेगळा काढा. चिकनबरोबर चमचाभर शिजवलेला लाल भोपळा कुस्करून दिला तर काही मांजरांना फायदा होतो.

पण नुसत्या चिकनवर मांजर महिनोन् महिने ठेवायचं नाही, ते चारपाच दिवसांचं पथ्य आहे. मांजर पक्का मांसाहारी प्राणी, त्याला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, त्याचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय पातळ पडून फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवला आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. मांस उकडलं की टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून चिकन उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, तेच वरून घाला. कुत्र्याचं खाणं मांजराला चालवू नका, घरात दोन्ही असले की हे फार होतं, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरिन नसतं.

दुधाबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण आपल्याकडं मांजर म्हटलं की दूध हे डोक्यात इतकं बसलंय की कुणी ऐकतच नाही. आईचं दूध सुटलं की मांजराच्या पोटातलं दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी होत जातं. मग ती साखर तशीच आतड्यात पुढं जाते, पाणी ओढून घेते, आंबते, आणि जुलाब. काही मांजरांना थोडं दूध सोसतं हे खरं, आमच्या माहेरी येळ्ळूरला गोठ्यातली मनी वर्षानुवर्षं दूध पीत आली, पण ती गोठ्यातच जन्मली आणि दिवसभर उंदीर खायची, हे कुणी बघत नाही. तुमच्या नव्या मांजराचं पोट बिघडलेलं असताना दूध म्हणजे आगीत तेल. एका महिन्याच्या आतलं, आई नसलेलं पिल्लू असेल तर त्याला दूध लागतंच, पण गायी-म्हशीचं नाही, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, बेळगावात पेट शॉपमध्ये विचारा, नसली तर मागवून देतात.

श्रावणाचंही सांगते. आपल्या बऱ्याच घरांत श्रावण लागला की गणपती होईपर्यंत मांस-मासे बंद, आणि मग मांजरही दूधभातावर येतं. आधी महिनाभर बांगड्याची डोकी खाणारं मांजर एका दिवसात दूधभातावर, पोट बिघडणारच. घरात शिजवायचं नसेल तर त्याचा मान राखूनच सांगते, पाकिटातलं खाणं आधीच आणून ठेवा आणि श्रावणाच्या आठदहा दिवस आधीपासून मिसळायला लागा. कायम शाकाहारी घरांनाही माझा हाच सल्ला आहे. गणपतीत पाहुण्यांची वर्दळ आणि फटाके असतात, तेव्हा नवीन मांजराला आतल्या खोलीत एक खोका, पाणी आणि शीची ट्रे देऊन दार ओढून घ्या, भीतीनंही पोट जातं.

आता जंत. रस्त्यावरचं किंवा गोठ्यातलं पिल्लू असेल तर जंत आहेत असं धरूनच चाला, गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लाला येतात. पोट फुगलेलं आणि बरगड्या दिसतायत, खाऊनही अंग धरत नाही, ही खूण. शेपटीखाली किंवा झोपायच्या फडक्यावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो चपटा जंत, तो पिसवांमधून येतो, म्हणजे पिसवांचाही बंदोबस्त करायला पाहिजे, नुसत्या गोळीनं तो परत येणार. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून पिल्लाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. पिल्लांना साधारण १२ आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा देतात. दिल्यावर एकदोन दिवस शीतून मेलेले जंत पडू शकतात, घाबरू नका.

जंताचं औषध होऊनही जुलाब थांबेनात तर शी तपासायला द्या. जिआर्डिया, कॉक्सिडिया असले सूक्ष्म जीव डोळ्यांना दिसत नाहीत आणि साध्या जंताच्या गोळीनं बऱ्याचदा जात नाहीत. ताजी शी स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी न्यायची. जिआर्डिया रोजच्या रोज शीत सापडतोच असं नाही, म्हणून एक तपासणी कोरी आली तरी डॉक्टर परत आणायला सांगतात, तेव्हा कंटाळा करू नका.

आमच्या भागातली एक अडचण म्हणजे सरकारी जनावरांच्या दवाखान्यात बोर्ड कानडीत आणि कधी कधी डॉक्टर, कंपाउंडरही कानडीच बोलणारे. शब्द चारच लागतात. बेक्कु म्हणजे मांजर, मरि म्हणजे पिल्लू, भेदी म्हणजे जुलाब, वांती म्हणजे उलटी. कितव्या दिवसापासून, दिवसातून किती वेळा, रंग काय, काय घातलं, हे कागदावर लिहून न्या आणि शीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, फोटोला भाषा लागत नाही. जायच्या आधी फोन करा, काही ठिकाणी गायी-म्हशींचंच काम जास्त असतं, मांजर बघणारे डॉक्टर कधी येतात ते कळतं.

लगेच निघायचं कधी, ते सांगते. शीत रक्त, किंवा शी डांबरासारखी काळी. दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, किंवा प्यायलेलं पाणीही बाहेर. डोळे, हिरड्या पिवळट. पिल्लू १२ तास आणि मोठं मांजर २४ तास काहीच खात नाही. मोठं मांजर, त्यातही जाडं, दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून ते जिवावर बेततं, म्हणून माणसासारखं लंघन मांजराला करायला लावू नका. लस न घेतलेलं पिल्लू अचानक गळून पडलं, उलट्या, जुलाब, ताप, पाण्याच्या भांड्यावर डोकं टेकून नुसतं बसलंय, तर पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार असू शकतो. त्यात पिल्लं फार जातात आणि विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, त्यामुळं त्या आजारानं ज्या घरात पिल्लू गेलंय तिथं लस पूर्ण झाल्याशिवाय दुसरं आणू नका. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते. पोट बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून पहिलं काम तेच करा.

तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, शिवणकामाचा, मांज्याचा, कसलाही, तर ओढायचा नाही. आत आतड्यात अडकलेला असला तर ओढल्यावर आतडं चिरतं. तसाच ठेवून दवाखाना गाठा. आणि बोका ट्रेमध्ये परत परत बसून कुंथतोय आणि काहीच पडत नाही, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. लघवी अडकलेली असू शकते, ती एकदोन दिवसांत जीव घेते.

माणसांचं औषध कुठलंच नाही. तापाची पॅरासिटामॉल तर विषच, एक गोळीही मांजर मारू शकते, कारण ती निकामी करायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये नसते. जुलाब थांबवायची आपली गोळीपण नको. फरशीला फिनेल मारत असाल तर ते बंद करा. मांजर त्यावरून चालतं, पाय चाटतं, आणि मग लाळ, उलट्या, आणि आपण खाण्यालाच दोष देत बसतो. ट्रे गरम पाणी आणि साबणानं धुतली तरी रोजच्याला पुरतं. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्यानं साफ करावी, आणि रोज करावी, कारण टॉक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला धोक्याचा सूक्ष्म जीव शीतून पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो.

पाणी आणि खाणं लांब लांब ठेवा. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मोठ्याला दोनतीन वेळा. तीनचार किलोच्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला ५० ते ६० ग्रॅमच्या आसपास लागतं, पाकिटामागचा तक्ता बघा, वाटी भरून ठेवायची सवय लावू नका. आपल्या पावसात कोरडं खाणं दोन दिवसांत सादळतं आणि बुरशी धरतं, म्हणून सुटं किलोवर न घेता छोटं पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं खाणं तासाभरात खाल्लं नाही तर उचला.

आठवड्याला एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहा. पिल्लू आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढायला पाहिजे. बबड्या आणला तेव्हा ६२० ग्रॅम होता, जुलाबात ५४० वर आला, आणि एकच खाणं ठेवल्यावर तीन आठवड्यांनी ८५०. शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या पोरांनाही सांगून ठेवा, कारण तुम्ही घरात कितीही पथ्य पाळलं तरी गॅलरीतून पलीकडं गेलेल्या मांजराला तिथं दुधाची वाटी तयारच असते. आमच्या काकू आता त्याच्यासाठी माझ्याकडूनच डब्यातले चार दाणे घेऊन जातात.