जुन्या गाडीचा इंजिन ब्लॉक मूळचा कुठला, हे कसं शोधायचं

ब्लॉक स्टँडवर चढलाय, वरची काजळी-तेल निघालंय आणि हाताशी टॉर्च, खडू आणि व्हर्निअर आहे असं धरून चालतो. इंजिन अजून गाडीतच असेल तर निदान स्टार्टर तरी काढा, कारण फोर्डच्या २८९ आणि ३०२ इंजिनांवर (हे आकडे घनइंचांतल्या क्षमतेचे) कास्टिंग नंबर नेमका स्टार्टरच्या वरच असतो. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकवर (छोट्या व्ही-८ इंजिनावर) तो मागच्या फ्लँजवर असतो, गिअरबॉक्सकडच्या बाजूला, वरच्या अंगाला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ब्लॉकवर दोन जातीचे नंबर असतात. उठावदार नंबर (कास्टिंग नंबर हा त्यातलाच) साच्यातूनच आलेला असतो, बीड ओतलं त्याच दिवशी. खोलगट नंबर नंतर, मशीनिंग झाल्यावर पंचने ठोकलेला असतो. उठावदार नंबर बदलणं फार कष्टाचं, ठोकलेला घासून दुसरा ठोकणं एका दुपारचं काम. त्यामुळे दोघांत भांडण झालं तर मी नेहमी उठावदार नंबरच्या बाजूने.

आता तो नेहमीचा सल्ला, की कास्टिंग नंबर यादीत शोधा आणि झालं काम. असं होत नाही हो! कास्टिंग नंबर म्हणजे साच्याचं नाव, इंजिनाचं नव्हे. शेवरोलेचा ३९७००१० घ्या, याच नंबरच्या ब्लॉकवर १९६९ मध्ये ३०२, ३२७ आणि ३५० अशी तिन्ही इंजिनं बनली, तिघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंचच, फरक फक्त क्रँकच्या स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेत (३.००, ३.२५ आणि ३.४८ इंच), आणि पुढे कित्येक वर्षं ३५० साठी हाच नंबर चालू राहिला. म्हणजे नुसत्या रिकाम्या ब्लॉकवरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल की हा ३०२ आहे, तर त्याला विचारा कशावरून.

फोर्डचं तर आणखी वेगळं. सी५एई-६०१५-ई असा नंबर असेल तर सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, ए म्हणजे मोठी फोर्ड गाडी, पुढचा ई म्हणजे इंजिन विभाग, ६०१५ म्हणजे सिलिंडर ब्लॉक आणि शेवटचं अक्षर म्हणजे सुधारणा. (बी असेल तर पन्नासचं दशक, डी असेल तर सत्तरचं.) पण हे सगळं डिझाइनबद्दल आहे. तो ब्लॉक ओतला गेला कधी आणि बसला कुठल्या गाडीत हे त्यात नाही. या नंबरचे २८९ ब्लॉक मस्टँगमध्येही आले, तेव्हा ‘ए’ बघून मस्टँगवाल्याला तुझं इंजिन परकं आहे असं सांगू नका.

सफाई: उठावदार नंबरला तारेचा ब्रश खुशाल मारा, वरून खडू आडवा फिरवा, आकडे उठून दिसतील. ठोकलेल्या नंबरच्या जागेला मात्र ग्राइंडर, एमरी पेपर, ड्रिलवरचा तारेचा ब्रश काहीही लावायचं नाही. रंग काढायचं केमिकल, प्लास्टिकची पट्टी आणि पितळी ब्रश, बस. टॉर्च समोरून नको, अगदी आडवी धरा म्हणजे सावलीने आकडे वाचता येतात, आणि तरी शंका असेल तर कागद ठेवून पेन्सिल घासा.

आता तारीख. इथे मी स्वतः सपशेल फसलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवरोलेच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख अक्षर, दिवस आणि एक आकडा अशी असते. अक्षर महिन्याचं, ए जानेवारी ते एल डिसेंबर, मग दिवस, आणि शेवटी वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. माझ्या ब्लॉकवर होतं ‘जे १४ ९’. विकणारा म्हणाला १९५९ चा आहे, २८३ आहे, बोअर वाढवलेला आहे. मी मोजलं तर बोअर ४ इंच भरला, आणि २८३ चा मूळ बोअर ३ पूर्णांक ७/८ इंच, म्हणजे बरोबर एक सूत वाढवलेला. असं २८३ चं ३०१ करणं त्या काळी खरोखर खूप चालायचं त्यामुळे मला ते पटलं. मागच्या फ्लँजवरच्या कास्टिंग नंबरचे शेवटचे तीन आकडे जाड रंगाखाली बुजले होते, ते मी नीट साफ न करता अंदाजाने वाचले, आणि अंदाज तोच निघाला जो मला हवा होता. मग २८३ चा क्रँक मिळवला, बेअरिंग मिळवले, कित्येक महिने घालवले, आणि क्रँक बसवायच्या दिवशी मेन बेअरिंग घरात बसेचनात, ढिले. तो ब्लॉक १९६९ चा होता. रंग काढल्यावर शेवटी ०१० दिसलं.

दशक ठरवायचं तर तारखेकडे बघत बसून उपयोग नाही, ती स्वतः ते सांगतच नाही. लोखंडाकडे बघा. १९५५ च्या पहिल्या २६५ ब्लॉकला ऑइल फिल्टरची जागाच नाही. १९५७ पर्यंतच्या ब्लॉकला बाजूला इंजिन माउंटचे उंचवटे नाहीत, ते १९५८ पासून आले. १९६७ पर्यंत ब्लॉकच्या मागे वर, डिस्ट्रिब्युटरशेजारी, क्रँककेसची वाफ बाहेर जायला एक भोक असायचं, १९६८ पासून ते गेलं. त्याच वर्षी मेन जर्नल (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) २.३० वरून २.४५ इंच झालं. माझ्या ब्लॉकला मागे भोक नव्हतं, ते मी रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. फॅक्टरीतून ४ इंची बोअर आला तोच मुळी १९६२ च्या ३२७ बरोबर, पण बोअर वाढवता येतो म्हणून त्याच्यावर कधीच एकट्यावर विसंबू नका. मागचं भोक आणि मेन बेअरिंगचं घर, हे दोन पुरावे आधी.

दुसरी चूक मी त्याच ब्लॉकवर केली, ‘जे’ म्हणजे सप्टेंबर वाचलं. कारण माझ्याकडचा तक्ता फोर्डचा होता! फोर्डवाले आय अक्षर गाळतात, म्हणून त्यांचा सप्टेंबर जे आणि डिसेंबर एम. शेवरोलेत आय म्हणजे सप्टेंबर आणि जे म्हणजे ऑक्टोबर. शिवाय फोर्डचा क्रमही उलटा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ५सी१२ हे १९६५ मधल्या मार्चची १२ तारीख. क्रायस्लरच्या बिग ब्लॉकवर मात्र सरळ आकड्यांत १०-२२-६८ अशी, महिना आधी, वर्ष दोन आकडी, काही डोकेफोड नाही. तेव्हा तक्ता कुठल्या कंपनीचा आहे ते बघूनच हातात घ्या, ‘जुन्या इंजिनांच्या तारखा’ असा सगळ्यांचा मिळून एकच तक्ता कोणी दिला तर तो बाजूला ठेवा. आणि हेही लक्षात असू द्या की ऑक्टोबर १९६९ ला ओतलेला ब्लॉक साधारणपणे १९७० च्या मॉडेलचा धरायचा, अमेरिकन गाड्यांचं मॉडेल वर्ष आदल्या शरद ऋतूतच सुरू व्हायचं.

तारीख पक्की झाली की मग ठोकलेला नंबर. शेवरोले स्मॉल ब्लॉकवर तो पुढे उजवीकडे, सिलिंडर हेडच्या अगदी पुढ्यातल्या सपाट जागेवर. उजवीकडे म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावरची उजवी बाजू, समोर उभं राहून नाही, यात रोज कोणी ना कोणी गोंधळतो. सुरुवातीचं अक्षर कारखान्याचं, व्ही असेल तर फ्लिंट, टी असेल तर टोनावांडा, मग इंजिन जुळणीचा महिना-दिवस चार आकड्यांत, मग इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. ०५१२ म्हणजे १२ मे. वर्ष इथे नाहीच, ते ओतकामाच्या तारखेवरून घ्यायचं. १९६८ पासून गाडीच्या चासी नंबरचा भागही ब्लॉकवर ठोकायला लागले, तो तुमच्या गाडीशी जुळला तर उत्तम.

खरा-खोटा बघायची सोपी परीक्षा म्हणजे क्रम. ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडी त्यानंतर, मधे काही आठवडे ते काही महिने. ओतकामाची तारीख जुळणीच्या नंतरची निघाली तर ठोकलेला नंबर खोटा, पुढे बोलायचं काम नाही. दुसरी परीक्षा, त्या सपाट जागेवर फॅक्टरीच्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट करण्याच्या) बारीक समांतर रेघा पुढून मागे जाताना दिसायला हव्यात. रेघा नाहीत, आरशासारखं गुळगुळीत आहे, तर वरचा पृष्ठभाग कधीतरी मशीनवर घासलाय. घासला म्हणजे लबाडीच असं नाही, हेड गॅस्केटसाठी प्रामाणिकपणे घासतात, पण मग मूळ नंबर त्यात जातो किंवा पुसट होतो. गुळगुळीत जागेवर खोल, ताजा, टवटवीत नंबर दिसला तर मी तो पुरावा धरतच नाही.

इंग्लिश गाड्यांत बऱ्याचदा नंबर ठोकलेलाही नसतो, पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. सुरुवातीच्या एमजीबी स्पोर्ट्स गाडीच्या पट्टीवर १८जी ने सुरू होणारा नंबर असतो, १८ म्हणजे १७९८ सीसी, पुढे एच किंवा एल म्हणजे कॉम्प्रेशन जास्त की कमी. पट्टी दोन रिव्हेट काढले की दुसऱ्या ब्लॉकवर जाते, तेव्हा बोअर-स्ट्रोक मोजाच. ८०.२६ आणि ८८.९ मिलिमीटर आलं तर १७९८. तोच ८८.९ स्ट्रोक पण बोअर ७३ च्या आसपास असेल तर ते त्याच बी-सिरीज घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आहे, आणि हे इंजिन इंग्लंडबाहेरही बनलं, हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसिडरमध्ये तेच होतं. म्हणून डिझाइन कुठलं आणि ओतकाम कुठलं हे दोन वेगळे प्रश्न समजा, दुसऱ्याचं उत्तर फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) खुणेत असतं, जसं फोर्डवर सीएफ म्हणजे क्लीव्हलंड आणि डीआयएफ म्हणजे डिअरबॉर्न. बोअर मोजताना सिलिंडरच्या वरच्या कडेला मोजू नका, खाली रिंगने झिजवलेल्या भागातही नको, अगदी तळाशी मोजा.

आट्यांवरून देश ओळखायचा असेल तर पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लागेलच. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १३ आटे म्हणजे यूएनसी (अमेरिकन माप), १२ म्हणजे व्हिटवर्थ (इंग्लिश माप). ३/८ ला दोन्हीकडे १६ च असतात, फक्त कोन ६० आणि ५५ अंश, तेव्हा ३/८ बघून निकाल देऊ नका. आणि इंग्लिश एमजी टीसी-टीडी गाड्यांचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन आलं तर जपून, बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा पाना लागतो पण आटे मिलिमीटरचे! मॉरिस या इंग्लिश कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती आणि ती मापं पुढे तशीच चालत राहिली. इंची बोल्ट जोर लावून बसवलात तर ब्लॉकमधले आटे जातात.