तुटलेलं आयात यंत्र परदेशी पुरवठादाराला परत कसं पाठवावं

परदेशातून मागवलेलं यंत्र तुटलेलं निघालं की आधी ते परत धाडून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. कस्टम्सला न दाखवता माल देशाबाहेर गेला, की भरलेलं आयात शुल्क परत मागणं फार अवघड होऊन बसतं. जे आलं होतं तेच परत चाललंय, हे कागदोपत्री दाखवता आलं पाहिजे.

म्हणून पेटी उघडतानाच फोटो काढा. चेपलेला कोपरा, फाटलेला फोम, तुटलेला भाग आणि सीरियल नंबरची पट्टी. पट्टीवरचा एकेक आकडा वाचता आला पाहिजे, कारण आयातीच्या आणि परतीच्या कागदांवर तोच नंबर जुळवून पाहतात. खोका, फोम टाकून देऊ नका. विम्याचा सर्व्हेअर तेही बघतो.

पोच देताना पावतीवर नुकसानीचा शेरा लिहा आणि वाहतूक कंपनीला लेखी कळवा. विमान वाहतुकीच्या १९९९ च्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार विमानाने आलेल्या मालासाठी १४ दिवसांची मुदत असते. जहाजाने आलेल्या मालाचं नुकसान वरून दिसत नसेल, तर हेग-व्हिस्बी या सागरी मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जेमतेम ३ दिवस मिळतात.

पुरवठादाराकडून परतीची मंजुरी लेखी घ्या. भाडं कोणाचं, तिकडचं शुल्क कोणाचं, पैसे मिळणार की बदली यंत्र, सगळं त्याच मेलमध्ये ठरवा.

आता कस्टम्स. यंत्र दुरुस्त होऊन परत येणार असेल, तर जाण्याआधीच तशी नोंद करा. परत येताना शुल्कात सवलत मिळवायला तीच उपयोगी पडते. कायमचं जाणार असेल तर शुल्काच्या परताव्याचा मार्ग वेगळा, आणि त्याची मुदत कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला पहिल्याच दिवशी विचारा. यंत्र वापरलेलं असेल तर परतावा घटू शकतो किंवा हुकू शकतो, त्यामुळे तपासण्यापुरतंच चालवा.

परतीच्या इनव्हॉइसवर किंमत नाममात्र दाखवा, असं सांगणारे भेटतात. अजिबात ऐकू नका. खरी किंमत लिहा, खाली 'सदोष माल परत, विक्री नाही' असा शेरा द्या आणि मूळ इनव्हॉइसचा क्रमांक टाका.

लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का आहे ना, बघा. फुटलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवता येत नाही, तेव्हा अशी बॅटरी असेल तर तिचं काय करायचं, ते पुरवठादाराला आधीच विचारा.

यंत्र भरताना नंबरची पट्टी झाकणाच्या बाजूला ठेवा, म्हणजे तपासणीत अधिकाऱ्याला सगळं उपसावं लागणार नाही. माल बाहेर गेल्याचा कस्टम्सचा कागद हाती आला, की त्याच दिवशी परताव्याचा अर्ज करा.