पोहणं नंतर, आधी विषय मोजा

थोरलीला अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून पोहायचं होतं. तिच्या वेळी आम्ही पोहण्याचं सगळं केलं आणि कागदावर आपटलो. आता धाकटा न्यू जर्सीतच नववीत आलाय. मंडळातल्या दोन-तीन घरांतूनही विचारणा झाली, म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्लब, पहाटेची प्रॅक्टिस, खाणंपिणं यावर मी बोलत नाही, ते तुम्हाला माझ्याहून बरं जमतं.

आधी विषय मोजा. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, उतरायचं तर एनसीएएने (कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था) मान्य केलेले शाळेतले १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषय, लागतात, आणि त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी संपलेले लागतात. त्या दहातले ७ इंग्रजी, गणित किंवा सायन्सचे. थोरलीने सुट्टीत बाहेरून ऑनलाइन केमिस्ट्री केली. शाळेने क्रेडिट दिलं, ए मिळाला, आम्ही खूश. तो कोर्स मान्य यादीत नव्हता. बारावीच्या सप्टेंबरात जेवणाच्या टेबलावर ट्रान्सक्रिप्ट पसरून ती पिवळ्या पेनाने खुणा करत होती. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ९. एकदा बारावी सुरू झाली की हा खड्डा बुजवता येत नाही. मग स्कॉलरशिप मिळू शकते, सरावही करता येतो, पण पहिलं वर्ष शर्यतीत उतरायचं नाही. असा स्विमर कोणाला हवाय? कोचचे फोन हळूहळू थांबले.

तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (पात्रता तपासणारं ऑफिस) साइटवर तुमच्या शाळेच्या मान्य कोर्सची यादी काढा. ती सगळ्यांना खुली असते. ट्रान्सक्रिप्टवरचं नाव आणि यादीतलं नाव शब्दाला शब्द जुळवा. बाहेरचा कोर्स असेल तर फी भरायच्या आधी त्या संस्थेची यादी वेगळी बघा. काउन्सेलर म्हणेल, ‘हो, चालेल.’ आमचाही म्हणाला होता. यादी स्वतः बघा.

मधलं एखादं वर्ष भारतात काढलं असेल तर नववीपासूनच्या सगळ्या मार्कशीट लागतात. तिकडे गेलात की शाळेत जाऊन घेऊन या. मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तिरका फोटो उपयोगाचा नाही.

कोचला ईमेल मुलानेच लिहायची. तुम्ही लिहिलेली लगेच कळते. विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, इव्हेंट, टायमिंग, बस. पोहण्यात दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत कोच भरतीबद्दल बोलूच शकत नाही, पण मुलाने लिहायला बंदी नाही. तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून घरी सुतक पाळू नका. टायमिंग यार्डातलं द्या, कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांच्या तलावात होतात. बालेवाडीच्या ५० मीटरचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. पैसे घेऊन ‘कॉलेज मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. पोहण्यात घड्याळ बोलतं.

अकरावीचे विषय निवडायच्या आधी पुन्हा मोजा. कंटाळा आला तरी मोजा.

पैशाचं: डिव्हिजन थ्री (तिसरा गट) आणि आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. जी मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर, डिव्हिजन थ्रीत कुठे कुठे मार्कांवरही. त्यामुळे ‘आयव्हीत फुल राइड’, म्हणजे पोहण्यावर सगळा खर्च माफ, असं कोणी मंडळाच्या गणपतीत सांगत असेल तर मान डोलवा आणि प्रसाद घ्या. खेळाडूंना पैसे देण्याबद्दल २०२५मध्ये कोर्टात झालेल्या सेटलमेंटनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्विमिंगच्या टीमला जास्तीत जास्त ३० जणांची मर्यादा आहे, तेव्हा टीममध्ये जागा नक्की आहे का, हे मुलाने तोंडावर विचारावं. एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असाल तर एनआयएलच्या (खेळाडूचं नाव, चेहरा वापरू देण्याच्या) पैशाला हात लावण्याआधी वकील गाठा.

बाकी भराभर. ऑफिशियल व्हिजिटचा खर्च कॉलेज करतं, अनऑफिशियलचा आपण. तोंडी होकार कोणालाच बांधत नाही. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (त्याच कॉलेजात येतो असं बांधून घेणारं पत्र) २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार असतो, तो पूर्ण वाचून सही करा. बारावी झाली की शेवटचं ट्रान्सक्रिप्ट शाळेकडून पाठवून घ्या.

आणि धाकट्याचं सांगतो, त्याचे या वर्षाचे चार कोअर कोर्स धरलेत, स्पॅनिशचं नाव अजून यादीशी जुळत नाहीये. सोमवारी शाळेत जातोय.