शेअर रिक्षा की लोकल? प्रोजेक्टची पद्धत निवडताना

ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसलात की तिसरी सीट भरेपर्यंत रिक्षा हलत नाही. आतली वाशी लोकल मात्र आपल्या वेळेला सुटते. चढलात तर चढलात, नाहीतर पुढची. ऐरोलीच्या ऑफिसात नव्या पोरांना प्रोजेक्ट चालवायची पारंपरिक पद्धत (आधी सगळं आखायचं, मग करायचं) आणि अजाइल (थोडं थोडं करून दाखवत पुढे जायचं) यांतला फरक सांगताना मी हेच उदाहरण देते. पारंपरिक पद्धतीत काम पक्कं असतं. ते पूर्ण होईपर्यंत तारीख सरकते, पैसे वाढतात. अजाइलमध्ये तारीख आणि माणसं पक्की. जे मावलं नाही ते काम फलाटावर राहतं आणि पुढच्या गाडीत बसतं.

थोडा इतिहास, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास चुकीचा सांगतं. 1970 साली, म्हणजे सिडको स्थापन झाली त्याच वर्षी, विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याने मोठ्या सॉफ्टवेअरवर एक निबंध लिहिला. त्यात गरजा, विश्लेषण, रचना, कोडिंग, चाचणी अशा उतरत्या पायऱ्यांची आकृती होती. लोकांनी पुढे तिला वॉटरफॉल, म्हणजे धबधबा, म्हटलं. पारंपरिक पद्धत ती हीच. रॉइसने तो शब्द वापरलाच नव्हता. उलट, असं एका दमात खाली उतरत जाणं धोक्याचं आहे, असं त्याच निबंधात त्याने बजावलं होतं. आकृती सगळ्यांनी उचलली, मजकूर तिथेच राहिला. अजाइलचा जाहीरनामा 2001च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला 17 जणांनी लिहिला. त्याचंही नशीब तसंच. ‘अजाइल म्हणजे कागदपत्रं नकोत’ असं सर्रास ऐकू येतं. जाहीरनामा म्हणतो, कागदपत्रांना किंमत आहेच, चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त आहे.

आता निवडायचं कसं? अख्ख्या प्रोजेक्टला एकच पद्धत लावायला जाऊ नका. कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न विचारा: हे चुकलं तर कधी कळेल? आणि उलटवायला किती पडेल? उलटवणं महाग असेल तर आधी पूर्ण आखा. उलटवणं स्वस्त असेल आणि लोकांना नेमकं काय हवंय हे त्यांनाच ठाऊक नसेल, तर थोडं करून दाखवा.

हे मला ऑफिसपेक्षा आमच्या सोसायटीने जास्त शिकवलं. यंदा बाहेरून गळती दुरुस्ती आणि रंग काढला होता. कमिटीत मी एकटीच ‘प्रोजेक्टवाली’, त्यामुळे गळ्यात पडलं. सेक्रेटरीकाका म्हणाले, “ताई, तुमचं ते अजाइल करा ना, लवकर होईल.” मी हात जोडले. परांची एकदा उतरली की पुन्हा बांधायचा खर्च वेगळा. पोकळ गिलावा फोडायचा, तडे भरायचे, नवा गिलावा करायचा, त्यावर सात दिवस पाणी मारायचं, तो वाळू द्यायचा, मग प्रायमर, मग रंग. ‘आधी रंग लावून बघू, आवडला तर गिलावा करू’ असं इथे चालत नाही.

म्हणून तिथे जुनीच पद्धत. कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे किती दिवस लागतील आणि आधी काय संपायला हवं, हे दोन रकाने मांडले. एकमेकांवर अडकलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी शोधली. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. आमची साखळी परांची-गिलावा-पाणी-रंग अशी होती. गच्चीवरच्या टाकीची दुरुस्ती तिच्या बाहेर होती, त्यामुळे टाकीवाला चार दिवस उशिरा आला तरी मी कुणाला फोन केला नाही. गिलाव्याचा माणूस एक दिवस आला नाही तेव्हा मात्र सकाळी सातलाच ठेकेदाराचं दार वाजवलं. आपला आरडाओरडा कुठे खर्च करायचा, हे त्या साखळीवरून कळतं. उलटी मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून केली. पाऊस आपली तारीख पुढे ढकलत नाही.

त्याच सोसायटीत दुसरं काम होतं तक्रारवहीचं. वही वॉचमनच्या केबिनमध्ये असते, कुणी लिहीत नाही आणि मग सर्वसाधारण सभेत सगळे ओरडतात. एका सभासदाच्या मुलाने अठरा पानांचा आराखडा आणला होता: लॉगिन, पार्किंग, भाड्याच्या नोंदी, बिलं. मी म्हटलं, दोन आठवड्यांत काय देतोस? त्याने एक साधा गुगल फॉर्म दिला. पंधरा दिवसांत फॉर्मवर मोजून चार तक्रारी आल्या. विचारपूस केली तेव्हा कळलं, ज्येष्ठ मंडळी येता-जाता तोंडी वॉचमनला सांगतात आणि तो विसरतो. मग दुसऱ्या फेरीत फॉर्म वॉचमनच्याच मोबाइलवर दिला. तिसऱ्या फेरीत फोटो जोडायची सोय केली, कारण ‘बाथरूम गळतंय’ म्हणजे वरचं की खालचं, यावर रोज वाद होत होता. अठरा पानांतलं लॉगिन अजून झालेलं नाही आणि कुणी विचारलेलंही नाही.

तुम्हाला हे करायचं असेल तर सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. भिंतीवर तीन रकाने पुरतात: करायचंय, चालू, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते रकान्यांतून पुढे सरकवायचं. मधल्या रकान्यात एका वेळी तीनच कार्डं. चौथं घ्यायचं तर आधीचं एक संपवा. पहिल्या आठवड्यात या नियमावरून भांडणं होतात, होऊ द्या. ‘झालं’ म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे ‘प्लंबर येऊन गेला’ म्हणजे झालं नाही. ज्याची तक्रार होती त्याने दुसऱ्या दिवशी ‘नळ गळत नाही’ म्हटलं, की झालं. ऑफिसातली निम्मी भांडणं या एका व्याख्येअभावी होतात.

रोजची मीटिंग 15 मिनिटं, अजाइलच्या स्क्रम नावाच्या प्रकारात तेवढीच सांगितली आहे. ती टीमने एकमेकांशी बोलायची, मॅनेजरला हजेरी द्यायला नाही. सगळे माझ्याकडे बघून बोलायला लागले की मी बाटलीत पाणी भरायला निघून जाते.

जुन्या एका नोकरीत आम्ही तुर्भ्यातल्या एका गोदामासाठी मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर केलं होतं. सहा महिने लिखापढी, प्रत्येक पानावर सही. चाचणीच्या दिवशी पहिल्याच हमालाने हातमोजे घातलेलं बोट स्क्रीनवर टेकवलं आणि काहीच झालं नाही. बटणंही इतकी बारीक की मोजा काढून दाबलं तरी शेजारचं दाबलं जाई. सह्या करणाऱ्यांपैकी कुणीच गोदामात उभं राहिलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. दुसऱ्या आठवड्यात एक कच्चा स्क्रीन तिथे नेला असता तर तेव्हाच कळलं असतं. पण त्याच प्रोजेक्टमध्ये सर्व्हर, वायरिंग आणि जुना डेटा हलवणं आम्ही तारीखवार आखलं होतं आणि ते सुरळीत पार पडलं. डेटा हलवताना प्रयोग करू नयेत.

पैशांचं एक सांगायचं राहिलं. ठेका एकरकमी असेल आणि काम दर पंधरवड्याला बदलणार असेल, तर दोन्ही बाजू वकिलांकडे जातात. म्हणून पक्क्या भागाचा भाव पक्का ठेवा, बदलत्या भागाला पंधरवड्याचा दर आणि वर एक मर्यादा घाला. सोसायटीत ठेकेदाराचे पाच टक्के आम्ही पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवलेत.

परांची मेच्या शेवटी उतरली. चौथ्या मजल्यावरच्या ओल आलेल्या भिंतीचं कार्ड मात्र अजून मधल्या रकान्यात आहे. काका रोज विचारतात, “रंग लागला ना, मग सरकवा की!” आधी पाऊस लागू दे, म्हटलं.